कॅम्परव्हॅनमध्ये प्रत्येकाची ऊब वेगळी असते

कुटुंबासह कॅम्परव्हॅनने केलेल्या पहिल्या मोठ्या सहलीसाठी मी चार एकसारख्या स्लीपिंग बॅगा घेतल्या होत्या. चारही एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, आणि प्रत्येकीच्या पिशवीवर ‘उणे ८’ असा ठळक आकडा छापलेला. त्या रात्री गाडीच्या आतला पारा ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेला नाही, म्हणजे पिशवीवरच्या आकड्यापासून आम्ही चांगले बारा अंश वर होतो. तरीही पहाटे तीन वाजल्यापासून मी कुडकुडत जागी होते. सात वर्षांच्या मुलीचे पाय गारठले होते, सासूबाईंनी उठून स्वेटरवर शाल लपेटली होती, आणि नवरा अंग आखडून का होईना, पण गाढ झोपला होता. एकाच गाडीत, एकाच तापमानात, एकसारख्या पांघरुणाखाली चार जणांची रात्र चार प्रकारे गेली. त्यानंतरच्या पाच वर्षांत आम्ही अंथरूण-पांघरुणाची जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलली आणि ती बदलताना जे कळत गेले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सकाळी मी बॅगेच्या आतल्या बाजूला शिवलेली छोटी पट्टी वाचली, तेव्हा रात्रीचा उलगडा झाला. तिच्यावर तीन आकडे होते: कम्फर्ट ९, लिमिट ५ आणि एक्स्ट्रीम उणे ८. स्लीपिंग बॅगांच्या तापमानाची चाचणी कशी घ्यावी हे ठरवणारे युरोपीय मानक ईएन १३५३७ हे २००२ मध्ये आले आणि पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. या पद्धतीत उष्णता सोडणारा माणसाच्या आकाराचा पुतळा अंगभर आतले कपडे आणि मोजे घालून, खाली मॅट अंथरून बॅगेत झोपवतात आणि त्याची किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. त्यावरून काढलेला कम्फर्ट हा आकडा ६० किलो वजनाच्या, १.६० मीटर उंचीच्या प्रौढ स्त्रीला सैलावलेल्या अंगाने थंडी न वाजता झोपता येईल असे तापमान दाखवतो. लिमिट हा आकडा ७३ किलो वजनाच्या, १.७३ मीटर उंचीच्या पुरुषासाठी असून, तो अंग आखडून झोपला तर थंडीच्या उंबरठ्यावर कसाबसा टिकेल, एवढाच त्याचा अर्थ आहे. एक्स्ट्रीम या आकड्याचा झोपेशी काहीही संबंध नाही. त्या तापमानात सहा तास काढल्यास शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरू शकते, पण जीव वाचण्याची शक्यता आहे, असे तो सांगतो. माझ्या चारही पिशव्यांवर नेमका हाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला होता. नवरा अंग आखडून झोपला आणि मी जागी राहिले, ही गोष्ट त्या छोट्या पट्टीवर आधीच लिहिलेली होती.

म्हणून आता मी बॅग घेताना फक्त कम्फर्ट आकडा पाहते आणि तो अपेक्षित किमान तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी खाली असेल याची काळजी घेते. लिमिट आणि कम्फर्ट यांत सहसा पाच-सहा अंशांचे अंतर असते. त्यामुळे पट्टीवर एकच आकडा असेल आणि तो कोणता हे लिहिलेले नसेल, तर तो लिमिट आहे असे धरून चालावे. जास्त उबदार बॅग उघडून थंड करता येते, पण कमी उबेची बॅग मध्यरात्री जाड करता येत नाही. गाडीच्या भिंतींमुळे वारा अडतो हे खरे. मात्र पत्रा उष्णता पटकन सोडतो आणि पहाटेपर्यंत आतला पारा बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन-चार अंश वर राहतो, हा आमचा वारंवारचा अनुभव आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे मानक लहान मुलांच्या बॅगांना लागूच होत नाही. वजनाच्या तुलनेत मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे त्यांची उष्णता लवकर निघून जाते. मुलांच्या बॅगेवर छापलेला आकडा त्यामुळे मी केवळ अंदाज मानते आणि तिची जाडी हाताने दाबून, मोठ्यांच्या बॅगेशी ताडून पाहते.

बॅगेबद्दल एवढे लिहिल्यावरही मला असे वाटते की आमच्या त्या रात्रीचा निम्मा दोष खालच्या गादीचा होता. बॅगेतली ऊब ही भरणातल्या अडकलेल्या हवेमुळे मिळते आणि अंगाखालचे भरण वजनाने दबून सपाट झाले की तिथे हवाच उरत नाही. पाठीखाली त्या वेळी प्रत्यक्षात आम्हाला एक पातळ कापड, बसायच्या बाकांची चार सेंटिमीटर जाडीची बसकी गादी आणि तिच्या खाली प्लायवूडची थंड फळी एवढेच होते. त्या फळीखाली सामानाचा कप्पा होता आणि त्यातून रात्रभर बाहेरची गार हवा फिरत होती. अशा वेळी वरून कितीही पांघरुणे घातली, तरी खालून निघून जाणारी उष्णता थांबत नाही.

झोपण्याच्या मॅटची उष्णता अडवण्याची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्याने दाखवतात. पूर्वी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने तो काढत असे, त्यामुळे दोन मॅटांची तुलना करणे अवघड होते. एएसटीएम एफ३३४० हे सामाईक मानक आल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. उन्हाळी रात्रींना २ च्या आसपासचा आकडा पुरतो, तर पारा गोठणबिंदूजवळ जाणार असेल तर ४ किंवा त्याहून अधिक असावा. या आकड्यांची बेरीज करता येते, ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. जुन्या गादीखाली बंद पेशींच्या फोमची साधी पातळ मॅट सरकवली, तरी तिचा आकडा गादीच्या आकड्यात मिळतो. आम्ही नवी बॅग घेण्याआधी हाच उपाय केला आणि त्याच बॅगेत, जवळपास तेवढ्याच थंडीत, माझी झोप पहाटेपर्यंत टिकली. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी पाठीखाली खर्च करावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

बाकांच्या गाद्या जोडून पलंग करण्याची रचना असलेल्या गाड्यांत आणखी एक त्रास असतो. गाद्यांमधल्या फटी कंबरेखाली येतात आणि झोपणारा हळूहळू त्या फटीत सरकतो. त्यावर पाचेक सेंटिमीटर जाडीची सलग गादी, म्हणजे टॉपर, अंथरणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. तो घेण्याआधी पलंगाचे माप पलंग पूर्ण उघडून घ्यावे, कारण कॅम्परव्हॅनचे पलंग घरच्या पलंगांच्या ठरावीक मापांत बसत नाहीत आणि बहुतेकदा एका बाजूला चाकाच्या उंचवट्यामुळे कोपरा कापलेला असतो. टॉपरची वळकटी दिवसा कुठे राहील, हेही त्याच वेळी ठरवावे. आमची वळकटी मागच्या बाकावर पाठीच्या आधारासारखी पट्ट्याने बांधलेली असते.

आता ओलाव्याबद्दल लिहिते, कारण घरच्या आणि गाडीतल्या झोपेत सर्वांत मोठा फरक त्याच्यामुळे पडतो. प्रौढ माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. चार जण एका छोट्या बंद जागेत झोपले, की सकाळपर्यंत जवळजवळ लिटरभर पाणी त्या हवेत मिसळलेले असते आणि ते सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन बसते: काचांवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूवर. काचा पुसता येतात, पण गादीखालचे पाणी दिसत नाही. आमच्या पहिल्या हंगामाच्या शेवटी मी गादी उलटली, तेव्हा तिच्या पाठीवर बुरशीचे काळे ठिपके पसरलेले होते आणि ती गादी टाकून द्यावी लागली. त्यानंतर आम्ही फळीला भोके पाडली आणि गादी व फळी यांच्यामध्ये हवा खेळती ठेवणारी जाळीदार मॅट घातली. रात्री कितीही थंडी असली, तरी समोरासमोरच्या दोन फटी बोटभर उघड्या ठेवतो. सकाळी पांघरुणे लगेच घडी न करता उलटी करून पसरतो आणि गादी एका बाजूने उचलून टेकवून ठेवतो. बॅगेचे पायाकडचे टोक पत्र्याला टेकणार नाही, याकडेही लक्ष द्यावे लागते, कारण ते रात्रभरात ओले होते आणि मग पाय गार पडतात. मुलीच्या गारठलेल्या पायांचे कारणही तेच निघाले होते.

या ओलाव्यामुळेच भरणाची निवड मला कठीण वाटत नाही. बदक किंवा हंस यांच्या पोटाकडच्या मऊ पिसांची बॅग वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असते आणि घट्ट दाबून लहान होते. तिची प्रत फिल पॉवरने, म्हणजे एक औंस पिसे फुलून किती घन इंच जागा व्यापतात यावरून ठरते. मात्र पिसे भिजली की गोळा होतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि त्यांना सुकायला फार वेळ लागतो. कृत्रिम तंतूंची बॅग जड आणि फुगीर असते, पण दमट झाली तरी बरीचशी ऊब टिकवते, लवकर सुकते आणि साध्या पद्धतीने धुता येते. पाठीवर ओझे वाहणाऱ्या गिर्यारोहकासाठी पहिल्या बॅगेचे गुण मोलाचे असतात. गाडीत ते ओझे चाके वाहतात, आणि तिथे दूध सांडते, मुलाचे अंथरूण ओले होते, चिखलाचे पाय आत येतात. लहान मुले असलेल्या कुटुंबाने कृत्रिम भरणच घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिसांची बॅग घ्यायचीच असेल, तर ती सर्वाधिक थंडी वाजणाऱ्या एका मोठ्या माणसासाठी घ्यावी.

आकाराच्या बाबतीत मात्र एकच उत्तर देता येत नाही. अंगालगत निमुळती होत जाणारी, टोपी असलेली ममी बॅग सर्वांत कमी हवा गरम करायला लावते, म्हणून ती उबदार असते. पण कुशीवर झोपणाऱ्याला, गुडघे दुमडणाऱ्याला किंवा रात्री तीनदा उठणाऱ्याला ती नकोशी होते. आयताकृती बॅग पूर्ण उघडून दुलईसारखी पांघरता येते आणि चेन डावी-उजवी असेल तर दोन बॅगा जोडताही येतात. वेल्समधील प्राइस प्राइस-जोन्स यांनी १८७६ मध्ये ज्या ‘युक्लिसिया रग’चे पेटंट घेतले आणि जी आजच्या स्लीपिंग बॅगेची पूर्वज मानली जाते, ती मुळात दुमडून बांधता येणारी लोकरीची घोंगडीच होती आणि तिच्यात रबरी उशीसाठी जागा होती. उघडली की पांघरूण आणि बंद केली की पिशवी, ही कल्पना मला आजही गाडीसाठी सर्वांत सोयीची वाटते.

आम्ही दोघांनी दोन बॅगा जोडून एक मोठे पांघरूण करून पाहिले आणि ते लवकरच सोडले. दोघांच्या खांद्यांमधून गार हवा आत शिरत राहते आणि एकाला उकडते तेव्हा दुसऱ्याला थंडी वाजते. आता खाली एकच घट्ट बसणारी चादर आणि वर दोन स्वतंत्र पांघरुणे अशी आमची रचना आहे: माझ्यासाठी कम्फर्ट शून्याच्या जवळ असलेली बॅग आणि नवऱ्यासाठी साधी मध्यम जाडीची दुलई. सासूबाईंना बॅगेत शिरणे कधीच मानवले नाही. बोटांच्या सांध्यांमुळे अंधारात चेन ओढणे त्यांना जमत नाही आणि पाय बांधल्यासारखे वाटून झोप लागत नाही. त्यांच्यासाठी दाराजवळची खालची जागा, रुंद दुलई, तिच्या आत लोकरीचे पातळ पांघरूण आणि हाताशी छोटा दिवा एवढी व्यवस्था केली. लोकर बराच ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा गुण गाडीत विशेष जाणवतो. वृद्ध माणसाला रात्री कोणाला न उठवता, न अडखळता उतरता आले पाहिजे. ही गोष्ट मी पांघरुणाच्या उबेइतकीच महत्त्वाची मानते आणि ती पहिल्या सहलीत माझ्या लक्षात आली नव्हती, याची मला खंत आहे.

धाकटा आठ महिन्यांचा असताना आम्ही मुद्दाम उबदार ऋतूतच बाहेर पडलो. एक वर्षाच्या आतील बाळासाठी स्लीपिंग बॅग, उशी, दुलई, सुटे पांघरूण, मऊ टॉपर यांपैकी काहीही वापरू नये, कारण नाकातोंडावर आवरण येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला सपाट, टणक पृष्ठभागावर, पाठीवर, त्याच्या स्वतंत्र जागेत झोपवावे. बाकांच्या जोडलेल्या गाद्या आणि त्यांच्या फटी ही त्याच्यासाठी योग्य जागा नाही. आम्ही प्रवासी पाळण्याचे माप आधी घेऊन तो गाडीच्या जमिनीवर बसतो याची खात्री केली होती. पांघरुणाऐवजी बाळाने अंगात घालायची बिनबाह्यांची झोपपिशवी मिळते. तिच्या गळ्यातून डोके आत जाणार नाही आणि बाह्यांची भोके सैल राहणार नाहीत, असे माप बाळाच्या वजनावरून निवडावे. तिची ऊब टॉग या एककात सांगतात: साधारणपणे २४ अंशांच्या वर ०.५, त्याच्या खाली २१ पर्यंत १, आणि १६ ते २० अंशांत २.५ टॉगची पिशवी वापरतात. गाडीचे तापमान संध्याकाळी आणि पहाटे फार वेगळे असते, म्हणून मी पाळण्याजवळ तापमापक ठेवत असे आणि बाळाची मान व छाती हाताने पाहून आतला कपडा कमी-जास्त करत असे. बाळाचे हातपाय गार लागणे स्वाभाविक असते. मान घामेजली असेल तर त्याला उकडते आहे हे समजावे. झोपेत टोपी घालू नये, कारण बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे सोडते.

मोठ्या मुलांना बॅग मात्र फार चांगली, कारण ती दुलई लाथेने दूर सारतात आणि बॅग दूर सारता येत नाही. फक्त ती मुलाच्या मापाची हवी. वाढत्या अंगाला पुरेल म्हणून मोठ्या माणसाची बॅग देण्याचा मोह मलाही झाला होता. पण रिकाम्या राहिलेल्या पायथ्याकडची हवा मुलाला आपल्या अंगाने गरम करावी लागते आणि शिवाय मूल सरकून खाली आत गुरफटते. उंचीपेक्षा पंधरा-वीस सेंटिमीटर जास्त लांबी पुरते. मोठी बॅग वापरावीच लागली, तर तिचे खालचे टोक दुमडून बाहेरून पट्ट्याने बांधावे. मानेभोवती दोरी असलेली बॅग लहान मुलाला देऊ नये, आणि चेन आतून त्याला स्वतःला उघडता येते का, हे दिवसा त्याच्याकडून करवून पाहावे. वरच्या बर्थवर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये आणि गादी जाड केल्यावर कठड्याची उंची कमी होते, हे विसरू नये.

येथे दोन गोष्टी अंथरुणाच्या बाहेरच्या आहेत, तरी त्या सांगणे मला आवश्यक वाटते. चालत्या गाडीत कोणीही पलंगावर झोपू नये. आणि मुलाला स्लीपिंग बॅगेत किंवा जाड पांघरुणात गुंडाळून त्यावरून सीटचे पट्टे बांधू नयेत, कारण धक्का बसताच ते भरण दबते आणि पट्टे सैल पडतात. पट्टे आधी अंगालगत बांधून पांघरूण वरून घालावे. दुसरी गोष्ट म्हणजे गाडी गरम करण्यासाठी स्वयंपाकाची शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही, म्हणून आमच्या गाडीत त्याचा इशारा देणारे उपकरण कायम चालू असते. उबेसाठी चांगली गादी, कोरडे कपडे, मोजे आणि झोपण्याआधी पायथ्याशी ठेवलेली, नीट बंद केलेली गरम पाण्याची पिशवी पुरेशी होते. मुलांच्या बॅगेतून ती पिशवी त्यांना आत झोपवण्याआधी काढून घ्यावी.

धुण्याचा आणि ठेवण्याचा विषय थोडक्यात सांगता येतो. प्रत्येक बॅगेत सुती लायनर, म्हणजे आतले सुटे अस्तर, घातला, की दर आठवड्याला फक्त तोच धुवावा लागतो आणि बॅग हंगामातून एकदा धुतली तरी चालते. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. पिसांची बॅग धुतल्यावर मंद उष्णतेवर, दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू सोबत घालून, पिसांच्या गाठी सुटेपर्यंत सुकवावी. सहल संपली की बॅगा घट्ट पिशवीतून काढून मोठ्या सैल सुती पिशवीत ठेवाव्यात. महिनोन्महिने दाबून ठेवलेले भरण पुन्हा पूर्ण फुलत नाही. प्रवासात मात्र आम्ही उश्यांच्या अभ्र्यांत बॅगा भरतो, त्यामुळे दिवसा त्या टेकायच्या उश्या होतात आणि कप्प्यांतली जागा वाचते. प्रत्येकाचा अभ्रा वेगळ्या रंगाचा आहे, म्हणजे रात्री अंधारात कोणाचे अंथरूण कोणते हे शोधावे लागत नाही.

प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आम्ही एक रात्र घरासमोर उभ्या केलेल्या गाडीतच झोपतो आणि सकाळी प्रत्येकाला विचारते: खांदे गार पडले का, पाठ दुखली का, उकडले का. या वर्षीच्या त्या रात्रीनंतर मुलीने सांगितले की तिचे पाय बॅगेच्या टोकाला लागतात. मोजले तर तिची उंची १५२ सेंटिमीटर भरली. तिच्यासाठी आता मोठ्या माणसाची, आयताकृती, तिला स्वतःला उघडता येईल अशा चेनची बॅग घ्यायची आहे. आणि तिची जुनी बॅग धुऊन, खालचे टोक दुमडून, पट्ट्याने बांधून धाकट्यासाठी ठेवली आहे.